राष्ट्रीय संगीतगृहाचा मसुदा

खोली भाड्याने घेताना माणूस दोन गोष्टी विचारतो, पाणी कुठलं आणि संडास कुठे. मी विचारल्या तेव्हा मालकांनी उत्तर दिलं नाही. फुलस्केपचे चार कागद माझ्यापुढे ठेवले आणि सगळं त्यात आहे म्हणाले. खरंच होतं. कलम दोनमध्ये विहीर होती, कलम तीनमध्ये संडास. कलम सात असं होतं की, भाडेकरू स्त्रीने न्हाणीघरात गुणगुणण्यास हरकत नाही, मात्र एकच ओळ सलग तीनपेक्षा अधिक वेळा म्हणू नये. अशी एकोणीस कलमं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, लोकल बोर्डाच्या शाळेत नुकतीच लागलेली बाई, आणि गावात दुसरी खोली नव्हती. मी सही केली. त्यांनी ती भिंगाखाली धरून पाहिली आणि अक्षर वळणदार आहे असा शेरा दिला. त्या शेऱ्यापायी माझ्या पुढच्या नऊ वर्षांच्या संध्याकाळी गेल्या.

गाव आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. मुंबई राज्य अजून फुटायचं होतं. मालकांना गावात कलमवाले म्हणत. त्यांच्या परसात हापूसची चार कलमं होती हे खरं, पण नाव पडलं ते दुसऱ्या कलमांमुळे. मुंबईत सरकारच्या कायदे करणाऱ्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं मसुदे ताडून पाहायचं काम केलं होतं. एका कारकुनाने मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं, आणि वाचणाऱ्याने विरामचिन्हंसुद्धा तोंडाने म्हणायची. मालक वाचणारे होते. त्यामुळे पेन्शनीत आल्यावरही ते बोलताना चिन्हं म्हणत. "मी सांगितलं ते सांगितलं, पूर्णविराम," असं म्हणून ते उठले की त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. त्यांचा एकच मोठेपणा होता आणि तो मी शंभर वेळा ऐकला. एका कायद्यात चुकून पडलेल्या स्वल्पविरामामुळे अख्ख्या प्रांतातल्या बैलांना गाडी हाकायचा परवाना काढावा लागला असता, तो स्वल्पविराम त्यांनी पकडला होता. बैलांना ह्याची काही कल्पना नाही, ह्याचं त्यांना वाईट वाटे.

घरात मालकांच्या पत्नी होत्या, त्यांना मी काकू म्हणे. त्या मालवणी सोडून दुसरं काही बोलत नसत आणि कायद्याला घाबरत नसत. एकदा त्यांनी जेवणात बांगडा आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, आहेत म्हणून सांगितलं आणि पानात नुसता बांगडा आला. 'आणि' आणि 'किंवा' ह्यांतल्या फरकावर मालकांनी जे व्याख्यान दिलं, ते संपेपर्यंत काकूंनी मागीलदारी जाऊन चुलीवरची सुंगटं शेजारणीला देऊन टाकली.

कायदा लिहायला बसताना मालक काळा कोट घालत. खाली पंचा, वर कोट, भर वैशाखात. गंजीफ्रॉकवर केलेला कायदा टिकत नाही म्हणत. आणि ते लिहीत होते तो कायदा साधासुधा नव्हता. झालं असं होतं की, वाण्याकडून आलेल्या हिंगाच्या पुडीवर त्यांनी एक बातमी वाचली. कुठल्याशा परदेशाने आपल्या राजधानीतल्या संगीतगृहासाठी वेगळा कायदा केला होता. ते गृह कोणाचं, चालवायचं कोणी, आणि सरकारी रेडिओचा त्याच्याशी संबंध काय, हे सगळं त्यात कलमवार बांधलं होतं. पुडी रेडिओच्या कलमापर्यंत येऊन फाटली होती. मालक तसेच दुकानात गेले. उरलेल्या कागदात वाण्याने कोणाला तरी जिरं बांधून दिलं होतं. जिरं नेणारे शोधायला ते तीन वाड्या फिरले. कागद चुलीत गेला होता. तेव्हा घरी येऊन त्यांनी कोट घातला आणि राहिलेला कायदा आपणच लिहायचा असं ठरवलं. आपल्या देशाला संगीतगृहही नाही आणि त्याचा कायदाही नाही. गृह बांधणं त्यांच्या हातात नव्हतं, पण कायदा होता.

'राष्ट्रीय संगीतगृह व नभोवाणी (परस्परसंबंध) विधेयक' असं त्याचं नाव. त्याच्या सुबक प्रती मी काढल्या, म्हणून आजही बराचसा पाठ आहे. संगीतगृह दिल्लीत नसून आमच्या गावात असेल, कारण दिल्लीत सगळे बोलायला जातात, ऐकायला कोणी जात नाही. मंत्र्यांना भाषण करता येईल, मात्र तंबोरे लागेपर्यंतच. तंबोरे लागले आहेत की नाहीत हे गवई ठरवील. नभोवाणीच्या संचालकाला खुर्ची मिळेल, पण खांबाच्या मागे, म्हणजे त्याला नुसतं ऐकायची सवय राहील. असली चाळीसेक कलमं वाचून मी हसू दाबत असे. चौथ्या कलमाशी मात्र मी थांबले. त्यात लिहिलं होतं, 'संगीतगृहाबाहेर उभ्या असलेल्या इसमास आतील इसमाइतकेच ऐकू आले पाहिजे. त्याची जबाबदारी नभोवाणीवर राहील.'

मालकांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. "हेंका गाणां आणि बोटीचो भोंगो सारखोच, गो बाय," असं काकू म्हणत, आणि ते अगदी बरोबर होतं. मग हे कलम कुठून आलं, म्हणून मी एकदा विचारलं. मुंबईत त्यांची खोली एका थिएटरच्या समोर होती. तिकीट परवडत नसलेले लोक गाणं ऐकायला थिएटरच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. हेही राहायचे, गाण्यासाठी नव्हे, एवढे लोक न भांडता एका ठिकाणी उभे राहतात हे पाहायला. दरवान काठी आपटत सगळ्यांना हाकलून द्यायचा. दार उघडलं की आत रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. एके दिवशी ते मॅनेजरकडे गेले आणि हाकलण्याचा नियम दाखवा म्हणाले.

"नियम नव्हता, बाई," मालक मला म्हणाले. "नियम असता तर मी गप्प घरी गेलो असतो. नियम नसताना हाकलत होते."

विधेयक चार वेळा दिल्लीला गेलं. उत्तर आलं नाही. तिथल्या कुठल्यातरी कपाटात माझं वळणदार अक्षर अजून पडलेलं असेल.

महाराष्ट्र झाला आणि पुढे वर्षा-दोन वर्षांत आमच्या ग्रामपंचायतीला सरकारी योजनेतून रेडिओ मिळाला. बॅटरीवर चालणारा, गुराच्या डोक्याएवढा. तो ठेवायला सोयीची जागा एकच, देवळापुढचा मांडव. आणि तिथेच भांडण लागलं. मांडवात दर सोमवारी संध्याकाळी बुवांचं भजन असे. बुवा म्हणजे शेतकरी माणूस, भातशेतीचे दोन लहान कुणगे आणि एक पेटी एवढी त्यांची इस्टेट. पेटी ते अशी वाजवत की वाटेने जाणारा बैलसुद्धा मान हलवी. गात ते त्या पेटीच्या आडून. आपला आवाज फुटका आहे असं त्यांना लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांनी मनावर घेतलं होतं. पेटीचा भाता ते इतका जोरात मारत की आवाज फुटका आहे की नाही हे गावाला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. रेडिओ आल्यावर सरपंच आणि त्यांचे सोबती सोमवारीसुद्धा बातम्या आणि सिनेमाची गाणी लावून बसू लागले. बुवा पेटी डोक्यावर घेऊन येत आणि तशीच परत नेत. तिसऱ्या सोमवारी बुवांच्या तबलजीने रेडिओची एरियल तोडली, आणि सरपंचांनी प्रकरण मालकांकडे आणलं.

मालकांना त्या दिवशी मी जेवढं सुखी पाहिलं तेवढं नंतर क्वचितच. संगीत, जागा आणि रेडिओ, तिन्ही गोष्टी चालत त्यांच्या पडवीत आल्या होत्या. आठ दिवसांत 'मांडव व रेडिओ (परस्परसंबंध) नियमावली' तयार झाली. नऊ कलमं आणि शेवटी मांडवात येणाऱ्या सामानाची यादी, बुवांच्या पेटीसकट. सोमवार माणसांचा, बाकीचे सहा दिवस रेडिओचे. गावसभेने ती एकमताने मंजूर केली, कारण मालक स्पष्टीकरण देणार होते ते टाळायला तोच मार्ग होता. सहावं कलम त्यांनी विधेयकातून उचललं होतं, फक्त संगीतगृहाच्या जागी मांडव घातला होता. मांडवातून जे गायन नभोवाणीवर जाईल, त्यास नभोवाणीचे नियम लागू राहतील. आपल्या मांडवातून रेडिओवर काय जाणार म्हणून लोक हसले. मालक हसले नाहीत. त्याच रात्रीपासून त्यांनी रेडिओ केंद्राला पत्रं लिहायला घेतली. प्रत्येक पत्रासोबत नियमावलीची प्रत, आणि प्रत्येक पत्राची माझ्या हाताने जावक वहीत नोंद. उत्तर येईल तेव्हा आवक वहीत नोंद. आवक वही दोन वर्षं कोरी होती.

मग एका मार्गशीर्षात, दुपारी, जीप आली. आत ध्वनिमुद्रणाचं यंत्र, एक मदतनीस आणि रेडिओचे एक साहेब. चष्मा लावलेला, मऊ बोलणारा माणूस. माझ्या टेबलावर तुमच्या पत्रांचा इतका गठ्ठा साचला की येणं सोपं वाटलं, असं त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांना ती स्तुती वाटली. खाडीपलीकडे नेणारी शेवटची तर गाठायची म्हणून साहेबांना घाई होती. सगळा गाव मांडवात जमला. बुवा नवं धोतर नेसून आले, पेटी मांडली, आणि साहेब अवघडून उभे राहिले. त्या काळी रेडिओवर पेटीला बंदी होती. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड पेटीतून निघत नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असं वरच्यांचं मत होतं. पेटीशिवाय गा, आपण लगेच सुरू करू, असं साहेब म्हणाले.

बुवांनी पेटीचं झाकण लावलं आणि हात जोडले. "पेटी नाय, तर मी गाणां म्हणूचंय नाय."

लोकांनी मालकांकडे पाहिलं. मालक नियम काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नियम साहेबांनीच काढला. बॅगेतून नियमावलीची प्रत काढून त्यांनी सहाव्या कलमावर बोट ठेवलं, हे तुम्हीच लिहिलंय म्हणाले. मालकांनी ते कलम आयुष्यात पहिल्यांदा वाचावं तसं वाचलं. मग घरी गेले. पंधरा मिनिटांनी आले ते मांडवाच्या सामानाची यादी घेऊन. ती त्यांनी साहेबांपुढे धरली आणि गंभीरपणे सांगितलं की ह्या मांडवात पेटी हे वाद्य नाही. यादीत ती लाकडी सामानात आहे. बाकडी चार, पाट नऊ, पेटी एक. लाकडी सामानाच्या आवाजाबद्दल नभोवाणीचा काही नियम असल्यास दाखवावा.

ती यादी मी लिहिलेली होती. पेटी मी 'वाद्ये' ह्या सदरात लिहिली होती, हे मला पक्कं आठवत होतं. साहेबांच्या हातातल्या कागदावर अक्षर माझं नव्हतं. साहेबांनी कागद परत दिला तेव्हा त्यांचा अंगठा निळा झाला होता. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, रुमालाने बोट पुसलं आणि मदतनिसाला यंत्र लावायला सांगितलं.

आधी यंत्राला आवाज कितपत लागतो ते बघू, बुवांनी दोन ओळी नुसत्या म्हणाव्यात, असं साहेब म्हणाले. सामानाला अजून हात लावू नका. ही नुसती तपासणी आहे म्हटल्यावर बुवांनी पेटीकडे नजर ठेवून म्हणायला सुरुवात केली आणि दोन ओळींच्या ऐवजी सगळा अभंग म्हणून टाकला. यंत्राची चाकं फिरत होती. मी ती पाहिली, पण तपासणीतही ती फिरत असतील असं वाटलं. मग पेटीसकट तीन अभंग झाले, टाळ्या झाल्या, शहाळी झाली, आणि जीप तरीकडे गेली.

त्या संध्याकाळी मालक जेवले नाहीत. काकूंनी पोट बिघडलंय का विचारलं. ते म्हणाले, तीस वर्षांत एका अक्षराची खाडाखोड केली नव्हती.

महिन्याने रेडिओकडून पत्र आलं, आवक क्रमांक एक. गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम लागणार होता. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. निवेदिकेने गावाचं नाव चुकीचं उच्चारलं तेव्हा मालकांनी पेन्सिलीने टिपून घेतलं. मग गाणं सुरू झालं. पेटी नव्हती. तबला नव्हता. एकटा आवाज होता, थोडा खरखरीत, भिजलेल्या दोरासारखा घट्ट, आणि तो मांडवातून निघून बाहेर पारावर बसलेल्या माणसांपर्यंत सरळ जात होता. पहिल्या रांगेत बुवा मान वाकडी करून ऐकत बसले होते. अर्धा अभंग झाल्यावर त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "कोण तो? बरो गाता."

शेजारी बुवांच्याच तोंडाकडे बघू लागला. शेवटी बायकांच्या बाजूने काकू म्हणाल्या, "अवो बुवानू, तुमीच तां."

बुवा तसेच बसले. अभंग संपला, बाजारभाव सुरू झाले, नारळाचा झाला, सुपारीचा झाला, तरी ते उठले नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनी पहिला अभंग पेटीचं झाकण न उघडता म्हटला.

मालक मात्र पेटले होते. तपासणी म्हणून सांगायचं आणि तेच वाजवायचं, ही गायकाची फसवणूक आहे. लाकडी सामानाचा मुद्दा मान्य करून नंतर गुंडाळला, हा सभेचा अपमान आहे. आणि गावाचं नाव. सात पानी तक्रार झाली. मी तिची प्रत काढत होते तेव्हा बुवा पडवीत येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. तक्रारीचं त्यांच्या कानावर आलं होतं. मालकांनी त्यांना समजावलं की हे तुमच्याच हक्कासाठी आहे.

"तक्रार नको," बुवा म्हणाले. "माका तां परत ऐकूचां आसा. परत कधी लावतत, इतक्यां इचारा तेंका."

 मालकांनी माझ्या हातातून ती सात पानं घेतली, एकावर एक नीट ठेवली आणि कोरा कागद पुढे ओढला. अर्ज चार ओळींचा झाला. विनंती की सदर गायन पुन्हा प्रक्षेपित करावे. एवढं थोडक्यात त्यांनी काही लिहिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

उत्तर आलं तेव्हा पावसाळा निम्मा गेला होता. मालकांना मोतीबिंदूमुळे बारीक टाईप दिसेनासा झाला होता, म्हणून पत्र मी वाचलं. ध्वनिफितींच्या टंचाईमुळे सदर ध्वनिफीत पुसून अन्य ध्वनिमुद्रणासाठी वापरण्यात आली आहे. त्यांनी परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं.

"'पुसून'च्या पुढे स्वल्पविराम आहे?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

"कुठेच?"

कुठेच नव्हता. त्यांनी पत्र माझ्याकडून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "ह्याची आवक नोंद करू नका, बाई. क्रमांक सोडून द्या."

मी सोडला. सोमवारी भजनानंतर बुवा मांडवातच मालकांजवळ आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. मालकांनी सांगितलं, विचाराधीन आहे. बुवांना तो शब्द माहीत नव्हता. होय पण नाही आणि नाय पण नाही, अशी सरकारी बोली आहे ती, असा अर्थ मालकांनी सांगितला. सरकारचां काम, येळ लागतलोच, असं म्हणून बुवा समाधानाने गेले. पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्यालाही. मालक दर वेळी तेच सांगत, आवाज न बदलता, आणि त्या दिवशी घरी येऊन माझ्याशी किंवा काकूंशी कसलाही वाद घालत नसत. सोमवार आम्हा दोघींना फार बरा जाई.

असं चार वर्षं चाललं. मग माझी शिरोड्याला बदली झाली. निघताना खोली सोडण्याच्या कलमाप्रमाणे मालकांनी भिंतीतले खिळे मोजले, एक जास्त भरला, तो माझा म्हणून काढून कागदात बांधून दिला.

दोन वर्षांनी त्यांचं कार्ड आलं. बुवा गेले, सवडीने येऊन जावे, एक नोंद राहिली आहे. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं आणि कार्डावर विरामचिन्ह एकही नव्हतं. मी रविवारी एस.टी.ने गेले. मालक दुपारचे निजले होते. काकूंनी मला चुलीपाशी बसवून घेतलं आणि शेवटचं सांगितलं. बुवा आठ दिवस अंथरुणावर होते. मालक रोज काठी टेकत जात. शेवटी शेवटी बुवा एकच विचारत, पत्र इलां? एक दिवस मालकांनी हो म्हटलं.

"हेनी बुवांका सांगल्यानी, मंजूर झालां म्हणान," काकू म्हणाल्या. "येत्या गुरुवारी लावतत म्हणान. बुवा बुधवारी गेलो."

मालक उठल्यावर त्यांनी आवक वही आणि ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. आता बुवा नाहीत, तेव्हा नोंद लपवण्याचं कारण उरलं नाही, आणि वहीत भोक ठेवून आपल्याला जायचं नाही, असं ते म्हणाले. मी कोरी ओळ शोधून काढली. क्रमांक घातला, विषय लिहिला. तारखेच्या रकान्याशी थांबून विचारलं, पत्र आलं त्या दिवशीची घालू की आजची?

"तुम्हाला वाटेल ती घाला," ते म्हणाले.

मी बुवा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची, त्या गुरुवारची घातली. त्यांनी वही डोळ्यांशी नेऊन ओळ वाचली, भिंग आणून पुन्हा वाचली, आणि चूक काढली नाही.